जुन्या शेव्हरोले ट्रकचं वर्ष नंबरावरून कसं ओळखायचं

जाहिरातीत लिहिलेलं असतं '१९५५ शेव्हरोले पिकअप'. फोटोत समोरची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. विकणाऱ्याला कागद मागितला तर त्यावर वर्ष १९५२. आणि दाराच्या खांबावरची पट्टी पुसून पाहिली तर ती म्हणते १९५१. अमेरिकेत जुना ट्रक घ्यायला निघालेल्या माणसाला हा अनुभव आज ना उद्या येतोच. टेक्सास, ओहायो, कॅलिफोर्निया असे कुठेही राहणारे आपले बरेच लोक आता असल्या गाड्यांच्या नादी लागलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्या कंपन्यांबद्दल एका लेखात लिहिलं तर कुणालाच नीट उपयोग होणार नाही. शेव्हरोलेचे १९४७ ते १९५९ चे ट्रक बाजारात सगळ्यात जास्त दिसतात आणि त्यांचे नंबर वाचायला शिकण्यासारखे आहेत. भर त्यांच्यावर. पुढच्या काळाचं थोडक्यात.

एक खुलासा आधीच. पट्टीवर अक्षरं रोमन असतात. इथे मी त्यांचे उच्चार देवनागरीत लिहितोय. वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये आडव्या रेघा टाकल्यात, पट्टीवर त्या असतीलच असं नाही.

पायरी पहिली: कागदावरचं वर्ष बाजूला ठेवा

मालकीचा जो कागद असतो त्याला तिकडे टायटल म्हणतात. आपल्या आरसी बुकासारखंच त्याचं काम. नवखा माणूस त्यावरचं वर्ष बघतो आणि निर्धास्त होतो. पण त्या काळी अनेक ठिकाणी ट्रक ज्या वर्षी विकला गेला तेच वर्ष कागदावर चढायचं. १९५१ चा ट्रक डीलरच्या आवारात पडून राहिला आणि पुढच्या फेब्रुवारीत गेला, तर तो कायमचा १९५२ चा. यात कुणाची लबाडी नाही, तेव्हाची रीतच तशी होती.

दुसरी भानगड जास्त त्रासाची. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच राज्यांत गाडीची नोंद इंजिन नंबरावर व्हायची. म्हणजे टायटलवर जो नंबर आहे तो दाराच्या खांबावरच्या पट्टीचा नसून इंजिनावर ठोकलेला असू शकतो. ते इंजिन कधीच भंगारात गेलं असलं, तर कागदावरचा नंबर आता गाडीवर कुठेच सापडणार नाही. कागदावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळत नसतील तर पैसे देण्याआधी त्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारा. 'नंतर बघू' म्हणून ते काम मागे टाकू नका.

पायरी दुसरी: पट्टी शोधा आणि नीट वाचा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. अमेरिकेत ती डावी बाजू. दाराच्या खांबावर छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. बहुतेक वेळा ती दोन-तीन रंगांच्या थराखाली दडलेली असते.

इथे हाताला आवर घाला. सँडपेपर, ग्राइंडर, ताठ वायर ब्रश यांतलं काही लावायचं नाही. ठोकलेले आकडे उथळ असतात, दोन मिनिटांच्या घासण्यात कायमचे जातात. मऊ फडक्यावर रंग विरघळवणारा द्राव थोडा थोडा घेऊन पुसा. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी तिरकी धरा. सावली पडली की आकडे उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल फिरवा. आपल्याकडे आरटीओच्या फॉर्मसाठी एजंट चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट काढतात, तसाच. तो कागद जपून ठेवा, पुढे कामाला येतो.

पट्टी वाचताना तिच्या रिव्हेटांकडेही बघा. भोकं खरवडलेली, रिव्हेट नवे चकचकीत, पट्टीभोवती रंगाची कड तुटलेली, असं काही दिसलं तर पट्टी कधीतरी निघालेली आहे. नंबरपट्टी जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. 'रंगकामासाठी काढली होती हो' हे स्पष्टीकरण कितीही साधं वाटलं तरी अशा गाडीपासून चार पावलं लांबच बरं.

पायरी तिसरी: १९४७ ते १९५२ चा नंबर

१९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने ट्रकचं नवं अंग आणलं. गोलसर बोनेट, समोरच्या जाळीत पाच आडव्या पट्ट्या. जाणकार त्याला ॲडव्हान्स डिझाइन म्हणतात. या काळातला नंबर चार तुकड्यांत वाचायचा: कारखाना, वर्ष आणि मालिका सांगणारी दोन अक्षरं, महिन्याचं अक्षर, आणि शेवटी अनुक्रमांक.

उदाहरण घेऊ: ५-जेपी-एच-२४१७.

पहिला ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. १ फ्लिंट, २ टॅरीटाउन, ३ सेंट लुइस, ६ ओकलंड, ८ अटलांटा, ९ नॉरवुड, १४ बाल्टिमोर, २० लॉस एंजलिस, २१ जेन्सव्हिल. कारखान्याचा आकडा एक अंकी किंवा दोन अंकी असतो, हे लक्षात ठेवा.

मग वर्षाचं अक्षर, आपल्याला हवं ते. ई म्हणजे १९४७, एफ १९४८, जी १९४९, एच १९५०, जे १९५१, के १९५२. एच आणि जे यांच्यामधलं आय गाळलेलं आहे. हे माहीत नसेल तर बोटांवर मोजताना १९५१ पासून पुढे एक वर्ष चुकतं.

त्यानंतरचं अक्षर मालिका सांगतं. पी म्हणजे ३१००, अर्ध्या टनाचा नेहमीचा पिकअप. आर म्हणजे ३६००, पाऊण टनाचा. एस म्हणजे ३८००, एक टनाचा. शेवटचं अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं करत एल डिसेंबर. म्हणजे आपला ट्रक कॅन्सस सिटीत ऑगस्टमध्ये तयार झालेला, १९५१ मॉडेलचा अर्धा टनी. अनुक्रमांक प्रत्येक कारखान्यात सहसा १००१ पासून सुरू व्हायचा.

आता यातली खरी मेख. वर्षाच्या अक्षरांत आय नाही, पण महिन्यांत आहे. आय म्हणजे सप्टेंबर. समजा पट्टीवर १४-जेपी-आय-३३०६ आहे. पट्टीवर रेघा नाहीत आणि रोमन आय दिसतो हुबेहूब एक आकड्यासारखा. मग वाचणारा वाचतो '१४ जेपी १३३०६', महिन्याचं अक्षरच नाही म्हणून गोंधळतो आणि पट्टी नकली असल्याचं जाहीर करून मोकळा होतो. दोन अक्षरांनंतर तिसरं अक्षर दिसत नसेल आणि पुढचा आकडा एकने सुरू होत असेल, तर आधी सप्टेंबरचा संशय घ्या.

आणखी एक. मॉडेलचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष एक नव्हे. नवं मॉडेल आदल्या वर्षाच्या अखेरीसच कारखान्यातून निघू लागतं. जे अक्षराच्या ट्रकवर महिना एल, म्हणजे डिसेंबर, असेल तर तो डिसेंबर १९५० चा असण्याची शक्यता मोठी. मॉडेल तरीही १९५१ च. नोंदणीला आणि सुटे भाग मागवायला मॉडेलचंच वर्ष सांगायचं.

पायरी चौथी: १९५३ ला पद्धत बदलली

१९५३ पासून नंबराची मांडणी पालटली. आता पुढे मालिकेचं अक्षर, मग वर्षाचे दोन आकडे, मग कारखान्याचं अक्षर, मग अनुक्रमांक. एच-५३-के-००४१८२ हा नंबर घ्या. एच म्हणजे ३१०० मालिका, ५३ म्हणजे १९५३, के म्हणजे कॅन्सस सिटी. वर्ष सरळ आकड्यांत दिलेलं आहे, यापेक्षा सोपं काय असणार?

तरी लोक चुकतात. जुन्या पद्धतीत एच म्हणजे १९५० हे वर्ष आणि के म्हणजे १९५२. नव्या पद्धतीत एच ही मालिका आणि के हा कारखाना. अर्धवट पाठ केलेला तक्ता घेऊन कुणी १९५३ च्या ट्रकचा पहिला एच बघतो आणि १९५० म्हणून मोकळा होतो. म्हणून अक्षराचा अर्थ लावण्याआधी नंबर कशाने सुरू होतो ते बघायचं. आकड्याने सुरू झाला तर १९५२ पर्यंतची पद्धत, अक्षराने सुरू झाला तर त्यानंतरची. १९५६ मध्ये हा नियमही मोडतो, ते खाली येतंच.

कारखान्यांची अक्षरं बहुतेक नावाच्या आद्याक्षराची आहेत: ए अटलांटा, बी बाल्टिमोर, एफ फ्लिंट, जे जेन्सव्हिल, के कॅन्सस सिटी, एल लॉस एंजलिस, एन नॉरवुड, ओ ओकलंड, एस सेंट लुइस, टी टॅरीटाउन. ओकलंडचा ओ आणि शून्य यांत फरक करताना जागा बघा. वर्षाच्या दोन आकड्यांनंतर लगेच येतो तो ओच.

आता १९५५. या एका वर्षात शेव्हरोलेने दोन वेगळे ट्रक विकले. वर्षाच्या सुरुवातीला जुन्याच गोल अंगाचा, आणि मार्चच्या शेवटी आलेला अगदी नवा, कडेने वळलेल्या मोठ्या काचेचा. टायटलवर दोन्हींचं वर्ष १९५५ च. पहिल्याचा नंबर एच-५५ ने सुरू होतो, दुसऱ्याचा एच-२५५ ने. तो मधला २ म्हणजे दुसरी मालिका; इथे मालिका म्हणजे ३१०० वगैरे नव्हे, त्या वर्षातली दुसरी आवृत्ती. व्ही-८ इंजिन असेल तर त्याच्याही आधी व्ही येतो.

हा नुसता नावाचा फरक नाही. पहिल्या मालिकेचा ट्रक सहा व्होल्टचा, दुसरीचा बारा व्होल्टचा. काच, दारं, बोनेट, जाळी, काहीही एकमेकांना बसत नाही. दुकानात नुसतं 'पंचावन्नची समोरची काच द्या' म्हणालात तर चुकीची काच घरी येण्याची शक्यता निम्मी, आणि वळलेली काच परत पाठवण्याचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. १९५५ च्या बाबतीत पहिली की दुसरी मालिका हे सांगितल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

पायरी पाचवी: १९५६ पासून पुढचं, धावतं

१९५६ ते १९५९ सोपं आहे. ३ए-५७-के-१०४५८२ मधला ३ए म्हणजे ३१०० मालिका, ५७ म्हणजे वर्ष. सुरुवात सहसा आकड्याने होते, पण ३ नंतर एक अक्षर आणि लगेच ५६ ते ५९ मधले दोन आकडे आले की जुन्या पद्धतीशी गल्लत होण्याचं कारण नाही.

१९६० ते १९६४: पहिला आकडाच वर्षाचा. ० म्हणजे १९६०, ४ म्हणजे १९६४. १९६५ ते १९७१: पाचव्या जागी वर्षाचा शेवटचा आकडा. १९७२ ते १९८०: सहाव्या जागी, कारण १९७२ पासून सुरुवातीला आणखी एक अक्षर आलं, शेव्हरोलेसाठी सी आणि जीएमसीसाठी, म्हणजे जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या ट्रक ब्रँडसाठी, टी. म्हणून नुसता ७ पाहून १९६७ की १९७७ हे ठरवू नका, तो कितव्या जागी आहे ते मोजा.

१९८१ पासून सगळ्याच कंपन्यांना सतरा अक्षरी नंबर सक्तीचा झाला. त्यात दहावं अक्षर वर्षाचं, बी म्हणजे १९८१. त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. सप्टेंबरच्या त्या आयने डोकं पिकवलेल्यांना हे ऐकून बरं वाटेल.

पायरी सहावी: पत्र्याला विचारा

माझ्या मते नवखे लोक कमी पडतात ते इथे. नंबर वाचला, तक्त्यात वर्ष सापडलं, काम झालं असं त्यांना वाटतं. पण पट्टी आहे दाराच्या खांबावर, म्हणजे केबिनवर. सत्तर वर्षांत एखाद्या ट्रकची केबिन सडली आणि दुसऱ्या ट्रकची उचलून बसवली असेल, तर पट्टी त्या दुसऱ्या केबिनची हकीकत सांगते. खालच्या फ्रेमचं वर्ष वेगळंच. तेव्हा नंबराने दिलेलं वर्ष गाडीच्या अंगावर पडताळून पाहायचं.

गोल अंगाच्या ट्रकसाठी खुणा अशा. १९४७ च्या तीन गिअरच्या ट्रकमध्ये गिअरचा दांडा जमिनीतून वर येतो, १९४८ पासून तो स्टिअरिंगच्या खांबावर गेला. १९४९ मध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आली आणि टाकीचं तोंड प्रवाशाच्या दाराच्या मागे दिसू लागलं. १९५१ पासून दाराच्या काचेला पुढे छोटी तिकोनी खिडकी. १९५२ पासून दाराचं बाहेरचं हँडल दाबायच्या बटणाचं, त्याआधीचं खाली फिरवायचं. १९५४ मध्ये समोरची काच एकसंध झाली, जाळी बदलून जाडजूड झाली आणि २१६ घनइंचाच्या इंजिनाची जागा अर्ध्या टनाच्या ट्रकमध्ये २३५ ने घेतली. १९५५ च्या पहिल्या मालिकेत अर्ध्या टनाच्या ट्रकखालचा बंद नळीतला प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, जाऊन उघडा आला.

या सगळ्या खुणांचं वजन सारखं धरू नका. दारं बोल्टवर असतात आणि या सगळ्या वर्षांच्या केबिनला साधारण एकमेकांची बसतात. तेव्हा तिकोनी खिडकी असलेला ट्रक १९४९ चा असू शकतो, कुणीतरी नंतरची दारं लावली एवढंच. जाळी आणि बोनेटवरचे बिल्ले तर अर्ध्या तासात बदलतात. याउलट केबिनच्या पत्र्यात पेट्रोलच्या तोंडाचं भोक आहे की नाही, समोरची काच बसवायची चौकट दोन तुकड्यांची की एकसंध, या गोष्टी सहजी कुणी बदलत नाही. केबिनचं वर्ष ठरवायला त्यांचा पुरावा घ्या. फ्रेमसाठी खाली वाकून शाफ्ट बघा.

सुरुवातीच्या त्या जाहिरातीतल्या ट्रकचंच बघा. काच दोन तुकड्यांची, म्हणजे ती केबिन १९५४ च्या आधीची, तेव्हा १९५५ हा दावा निकालात. पट्टी १९५१ म्हणते आणि कागद १९५२. दारांना तिकोनी खिडक्या आणि फिरवायची हँडलं, टाकीचं तोंड दाराच्या मागे, असं सगळं जुळलं तर ट्रक १९५१ चा आणि विक्री १९५२ ची, असं समजायला हरकत नाही.

इंजिनाचं काय?

इंजिनावर दोन वेगळे नंबर सापडतात. एक ठोकलेला, डिस्ट्रिब्यूटरजवळच्या सपाट केलेल्या जागेवर. दुसरा ब्लॉक ओततानाच उमटलेला, उठावाचा, आणि त्याच बाजूला ओतल्याची तारीख: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. सी-१४-१ म्हणजे १४ मार्च, एकने संपणारं वर्ष. १९४१, १९५१ की १९६१ हे ब्लॉकच्या नंबरावरून ठरवायचं. ओतण्याची तारीख ट्रकच्या महिन्याच्या थोडी आधीची असेल तर इंजिन मूळचं असण्याची आशा धरा. ट्रकनंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे, वाद घालू नका. बहुतेकांचं बदललेलंच असतं आणि वर्ष ठरवायला त्याने काही अडत नाही. किंमत ठरवताना मात्र तोंड उघडा.

जीएमसी, कॅनडा आणि शिवडी

जीएमसीचे त्या काळातले ट्रक दिसायला जुळे भाऊ असले तरी त्यांचे नंबर वेगळ्या घराण्यातले आहेत, तिथे वरची १९४७ ते १९५९ ची अक्षरं लावायची नाहीत. कॅनडात ओशावाला तयार झालेल्या शेव्हरोलेंचीही पद्धत निराळी. सीमेलगतच्या राज्यांत असे ट्रक बरेच भेटतात. नंबर वरच्या कुठल्याच साच्यात बसत नसेल तर नकली म्हणण्याआधी कॅनडाचा विचार करा.

महाराष्ट्रात गावाकडे एखाद्या वाड्याच्या मागे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असा गोल बोनेटचा शेव्हरोले सापडला तर त्याची गोष्ट वेगळी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाड्या इथे जोडल्या जायच्या. सरकारने इथेच उत्पादन करण्याचा आग्रह धरल्यावर १९५४ मध्ये कंपनीने तो बंद केला. त्याच वर्षी टाटांचा मर्सिडीजबरोबरचा ट्रक आला आणि रस्त्यावरचं चित्र पालटलं. शिवडीला जोडलेल्या गाडीच्या नंबरावर अमेरिकन कारखान्यांचा तक्ता डोळे मिटून लावू नका. त्यात कॅन्सस सिटी शोधण्यात अर्थ नाही. इंजिन पाहून तर काहीच ठरवू नका, कारण पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवणं आपल्याकडे सर्रास चालायचं. अशा गाडीसाठी जुनं आरसी बुक, फ्रेमवर ठोकलेला नंबर आणि वर सांगितलेल्या केबिनच्या पक्क्या खुणा, या तिन्हींची सांगड घाला. आरसी बुक फाटकं असलं तरी फेकू नका. त्यातला चेसिस नंबर आणि फ्रेमवरचा पेन्सिल प्रिंट जुळला तरच पुढच्या हस्तांतराच्या कागदांना हात लावा.